गेरूचं बोट

टाकीच्या दाराला आता बोटभर फटही उरली नव्हती. परिमला पहारीने राखाडी लेप खरवडत होती आणि तिच्या डोळ्यांदेखत तो पुन्हा भरून येत होता. लेप जिवंत होता. गंज जाणवेल तिथे वाढायचं आणि तो झाकून टाकायचं, एवढंच त्याला ठाऊक. टाक्यांना आतून-बाहेरून फासलेल्या या लेपाच्या जिवावरच खाडीकाठच्या या टाक्या खाऱ्या वाऱ्यात टिकून होत्या.

पूजा आटोपून तपासणीला आत उतरलेले भानुदासकाका हातोडीने ठोकत होते. "पोरी, हवा कमी पडतेय गं."

"दाराला गंज नाहीच काका, मग हा चढतोय कशावर?"

बोलता बोलता तिचं लक्ष गेलं. सकाळी चौकटीवर जिथे स्वस्तिक काढलं होतं, तिथेच लेप सगळ्यात जाड होता. खंडेनवमीच्या पूजेला कुंकू संपलं म्हणून तिनेच ते गेरूने काढलं होतं. आणि गेरू म्हणजे तरी काय, लोखंडाचा गंजच.

तिने उरलेला सगळा गेरू कालवून टाकीच्या पलीकडच्या अंगाला फासला. लेप थबकला, मग दार सोडून हळूहळू तिकडे सरकू लागला.

"काका, उघडतंय."

आतलं ठोकणं थांबलं होतं.

दाराची कडी हाताला लागली, तेव्हा तिला आठवलं. स्वस्तिक काढून झाल्यावर काका हसत पुढे झाले होते. "मलाही लाव की, मीही इथलं जुनं हत्यारच." आणि तिने तेच गेरूचं बोट त्यांच्या कपाळावर टेकवलं होतं.