नणंदेचा आवाज

रेलीनने नणंदेचा आवाज काढला. घोगरा, नाकातून येणारा, अर्ध्या वाक्यात रडवेला होणारा. लाँड्रीतल्या भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर तिने दोन्ही हातांनी धरला होता.

"मला रेलीनशी बोलायचंय. तिची आई दवाखान्यात आहे. काही खरं नाही."

पलीकडे व्हर्ना होती. मारहाण सोसून घर सोडलेल्या बायकांच्या त्या आश्रयगृहात दिवसभर फोनवर तीच बसे. रेलीन आणि तिची सहा वर्षांची टॅन्सी तिथे येऊन नऊ दिवस झाले होते. नऊही दिवस रेलीनला धास्ती होती ती व्हर्नाची. बाई फार प्रेमळ. टॅन्सीला तव्यावरची गरम बॅनक रोटी जॅम लावून भरवणारी, कुणी रडलं की स्वतःचे डोळे पुसणारी. आधीच्या आश्रयगृहातही फोनवर अशीच एक प्रेमळ बाई होती. नणंद फोन करून रडली तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली होती, "आत्ताच डॉक्टरकडे गेलीये हो." संध्याकाळी रेलीनच्या नवऱ्याचा ट्रक समोरच्या फुटपाथला लागला होता.

म्हणून आज आश्रयगृहातलं मशीन बिघडल्याचं निमित्त साधून ती धुणं घेऊन या लाँड्रीत आली होती, व्हर्नाला पारखायला.

"ऐकून वाईट वाटलं," व्हर्ना म्हणाली. आवाज खरंच भिजला होता. "पण त्या नावाचं कुणी इथे आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही."

"आहे की नाही, एवढंच सांगा."

"तेच नाही सांगता येत."

रेलीनने ठेवणीतला प्रश्न काढला. "बरं, पोरगी नीट जेवते का, तेवढं तरी? आत्या आहे मी तिची."

तिच्या मागे कपडे वाळवणारा ड्रायर घरघरत होता.

"तुमच्या आजारी बाईसाठी मी प्रार्थना करीन," व्हर्ना म्हणाली. "त्याहून जास्त माझ्याकडे काही नाही."

रेलीनने फोन ठेवला. ड्रायरवर पाय हलवत बसलेली टॅन्सी तिच्याकडेच बघत होती.

"आई, तू आत्यासारखी का बोलत होतीस?"

"खेळ होता."

"मग कोण जिंकलं?"

रेलीनने चादरीच्या घडीची पुन्हा घडी घातली.

आश्रयगृहाच्या दारावरच्या कॅमेऱ्यात दोघींची तोंडं नीट बघून व्हर्नाने त्यांना आत घेतलं. टॅन्सी स्वयंपाकघराकडे पळाली. व्हर्नाने चष्मा लावला आणि नोंदवही उघडली.

"तुझ्यासाठी फोन आला होता, पोरी. आला की सांगायचं, असा नियम आहे. बाई होती. तुझी आई आजारी आहे म्हणाली, मग पोरीचं विचारलं. मी काही सांगितलं नाही." तिने बोट खालच्या ओळीवर नेलं. "मागे कपडे वाळवायचं मशीन चालू होतं."

रेलीनच्या हातातली टोपली अजून गरम होती. तिने ती खाली ठेवली नाही.

"मंगळवारी इथे नवी मुलगी बसणार आहे," वही मिटत व्हर्ना म्हणाली. "मनानं माझ्याहून मऊ. तिलाही कर एक फोन. आणि आजच्यापेक्षा जास्त रड."