ठणठणीत

म्हाताऱ्या साहेबांची सेवा करावी तर मावशींनीच, असं घरातले सगळे म्हणायचे. साहेबांचं वय त्र्याण्णव, वर्षभर अंथरुणाला खिळलेले, पण पाठीवर साधा ओरखडा नाही, की गोळीची वेळ चुकलेली नाही. साहेब तोंड घट्ट मिटून बसले, तरी मावशी चमचा चमचा भरवून सुपाची वाटी रिकामी करायच्या. डॉक्टर हसून म्हणायचे, "हृदय ठणठणीत आहे. तुमच्या हाताखाली शंभरी गाठणार हे!"

मावशींचा नवरा साहेबांच्याच कारखान्यात भट्टीवर होता, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. भट्टीवरच्या माणसाने साठी पाहिली, असं क्वचितच व्हायचं. तो अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसणार होता, तेवढ्यात साहेबांनी निवृत्तीचं वय बासष्टवर नेलं. भर सभेत माइक हातात घेऊन म्हणाले, "अरे, आता माणसं जास्त जगतात!" पुढच्या रांगेतून टाळ्या पडल्या. वर्षभराने तो भट्टीसमोरच कोसळला, तो उठलाच नाही.

आज दुपारी साहेबांनी मावशींचा हात घट्ट धरला. "मावशी, बायको गेली, मित्र गेले. या कुडीचा कंटाळा आलाय हो. त्या गोळ्या बंद करा. सोडवा मला."

मावशींनी उशी सारखी केली. गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली आणि पाण्याचा पेला ओठांना लावला.



"असं कसं, साहेब? आता माणसं जास्त जगतात!"