नळ

“पुढचा प्रश्न विचार,” सासूबाई म्हणाल्या. “ह्याचंही उत्तर ठीक असंच लिही.”

घरभेटीची नर्स कागद मांडीवर घेऊन बसली होती. प्रश्न दहा होते, आणि ते सुनेला विचारायचे होते. सून तिच्यासमोरच बसली होती. तिने केस विंचरले होते आणि कपड्यांना इस्त्री केली होती. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. चार प्रश्न होऊन गेले, तरी तिला तोंड उघडायची वेळ आलेली नव्हती.

“आजी, उत्तरं ह्यांनी द्यायची असतात.”

“तिला काय विचारतेस? तिचं तिला जेवढं माहीत नाही तेवढं मला माहीत आहे.”

घरातले लोक सासूबाईंना मागून मुकादम म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं, आणि खोटं कशाला बोला, आवडलंही होतं. त्या दोन इयत्ता शिकल्या होत्या, त्यातलं एक वर्ष गोवरात गेलं होतं. पण पाच बाळंतपणं स्वतःची आणि सात दुसऱ्यांची काढलेल्या बाईला ही कालची पोर कागद बघून काय शिकवणार? म्हणून नर्स यायच्या दिवशी त्या पहाटेच उठत. फरशी दोनदा पुसून घेत, लंगोट एका रेघेत वाळत घालत आणि सुनेला बजावत, “ताठ बस. रडका चेहरा घेऊन बसलीस तर त्यांना वाटेल, इथे तुला जाच आहे.”

आजची भेट तिसरी होती. बाळाचं वजन भरलं होतं. कापडाच्या झोळीत घालून नर्सने त्याला काट्याला लटकवलं, तेव्हा सासूबाई बाजारातल्या तराजूवरही कधी नसतील वाकल्या एवढ्या त्या काट्यावर वाकल्या होत्या.

“सगळी उत्तरं ठीक आली तर हीच माझी शेवटची भेट,” नर्स म्हणाली. “मग मी येणार नाही.”

“मग होऊन जाऊ दे की,” सासूबाई म्हणाल्या.

सुनेने मान वर केली. मग तिने बाळाला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. “आई, मी आलेच,” म्हणाली आणि बाथरूममध्ये गेली. कडी लागली. नळ सुरू झाला.

“हे बघ, सुरू झालं,” सासूबाईंना आता बोलायला रान मोकळं मिळालं. “दिवसातून आठ-दहा वेळा जाते. पाव-पाव तास नळ चालू. बादली भरून वाहते. बरं, आंघोळ म्हणावी तर बाहेर येते ती कोरडी. केस कोरडे, कपडे कोरडे. माहेरी बहुतेक घरात नदी असेल. तुझ्या कागदावर पाण्याच्या उधळपट्टीचा प्रश्न असेल तर तेवढा ठीक लिहू नकोस.”

नर्सने कागद पाहिला. “तो नाही. पाचवा प्रश्न असा आहे, गेल्या आठवड्यात कारण नसताना रडू आलं का?”

“छे. मी घरभर असते. एकदाही तिच्या रडण्याचा आवाज आला नाही. लिही, ठीक.”

नर्सने पेन चौकोनावर टेकवलं, पण खूण केली नाही. “आजी, तुम्हाला यायचं का हो? तुमच्या वेळी?”

असं त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. पण येत नाही म्हणणं हे मुकादमांच्या स्वभावात नव्हतं. रडण्यातसुद्धा त्या कुणाच्या मागे राहणार नव्हत्या.

“न यायला काय झालं? पहिल्या खेपेला तर महिनाभर. मूल गोरंगोमटं, नवरा सरळ, दूध भरपूर, आणि मी आपली रडतेय. का, ते माझं मला कळेना. पण माझी सासू म्हणजे माझ्याही वरचढ. तिच्यासमोर रडायला मी काय वेडी होते? मोरीत जायचं, दार लोटायचं आणि नळ सोडायचा. अगं, नळाखाली हत्ती रडला तरी बाहेर कोणाला कळत नाही. सासू बाहेरून ओरडायची, पाणी संपवतेस की काय म्हणून. तिला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. एवढी हुशार बाई, पण ह्या बाबतीत अगदी…”

आणि त्या आपल्याच हुशारीवर खदखदून हसल्या. मांडीवरचं बाळ हललं.

नर्स हसली नाही. ती बाथरूमच्या दाराकडे बघत होती.

सासूबाईंचं हसू अर्ध्यावर थांबलं. तोंड मात्र तसंच उघडं राहिलं. घरात आता एकच आवाज होता. बादली केव्हाच भरली होती, आणि पाण्यावर पाणी पडत होतं.

त्यांनी बाळ नर्सच्या हातात दिलं. उठताना दोन्ही गुडघे वाजले. एरवी त्या गुडघ्यांना त्या दोन शब्द सुनावत, आज तशाच चालू लागल्या. दोन पावलं गेल्यावर, मागे न बघता त्या म्हणाल्या, “चारही ठिकाणचं ठीक खोड. आणि पुढच्या सोमवारी ये. फरशी पुसलेली नसेल.”

त्या दारापाशी गेल्या. मग बोटाच्या पेराने हळूच टकटक केली. ह्या घरात त्यांनी आजवर कुठलंच दार असं वाजवलं नव्हतं.

“नळ बंद कर गं,” त्या म्हणाल्या. “पाणी फुकट जातंय. बाहेर ये आणि माझ्यासमोर रड.”