चौदा ऑक्टोबरचा ॲकॉर्डियन

"आवाज वाढव गं! सुरू झालं!"

गोविंदराव पलंगावरून गरजले. खुब्याचं हाड मोडल्यापासून पायातला सगळा जोर गळ्यात येऊन बसला होता.

कांचनताईंनी टेबलावरच्या डब्याचा कान पिळला. जुना रेडिओ बिघडला तेव्हा मुलानं, आशयनं, हा डबा आणून ठेवलेला. डबा भारी नखरेल, एकच स्टेशन धरायचा. पण त्यावर रोज सकाळी 'आजची तारीख' लागायचं, मग दुसरं हवंय कुणाला? या तारखेला कुणाची तबकडी निघाली, कुठल्या गाण्यानं गाव येडं केलं, सगळं त्यात यायचं.

"केम छो बडोदेकर! आज चौदा ऑक्टोबर!" डबा बोलला. गडी बोलायचा नाकातून, पण होता रसाळ.

"आशय कुठाय? आज तरी बसू दे बापाशेजारी."

"खोलीत आहे. कामात असतो तो या वेळेला."

"बरोब्बर याच वेळेला बरं काम निघतं! बापानं रिफायनरीत हाडं झिजवली, नवरात्रात ऑर्केस्ट्रात रान पेटवलं, त्याचं पोराला काही आहे?"

कांचनताईंनी पदरानं तोंड पुसलं आणि आत गेल्या. आशयची खोली स्वयंपाकघराला लागूनच होती.

गोविंदरावांचा जीव नुसता खालीवर होत होता. आज त्यांचा दिवस! त्यांच्या ध्यानात होती फक्त तिथी, त्र्याऐंशीची अष्टमी. तिची इंग्रजी तारीख पोरानं मोबाइलवर काढून दिली, एवढं मात्र केलं त्यानं. स्टेशनचा नंबरही फोनात घालून दिला. एकदा आपलं नाव रेडिओवर यावं, मग हाड जुळो न जुळो!

डबा आपला सांगतोय. विलायतेत अमक्याची तबकडी निघाली, मुंबईत तमक्याचं गाणं गाजलं.

"असतील बुवा, असतील!" म्हणत गोविंदरावांनी बटण दाबलं. घंटी वाजली आणि फोन चक्क उचलला गेला.

"बोला काका!"

"हॅलो साहेब, वासण्याहून गोविंदराव मोहिते!" डब्यातून स्वतःचाच आवाज आला तसे ते दचकले, मग फुलले. "तुमचं एक राहिलं बघा. फतेगंजच्या मैदानात अष्टमीचा गरबा. ऐन रंगात लाइट गेली. माइक मेले, गाणारी बाई खाली बसली, पब्लिक निघालं घराकडे. मी म्हटलं, असं कसं! ॲकॉर्डियन गळ्यात, आणि उतरलो थेट मैदानाच्या मधोमध. वाजवत सुटलो साहेब! लोक टाळ्यांवर फिरायला लागले. लाइट आली तरी कुणी थांबेना!"

"आणि मधेच पट्टा तुटला, तो तुम्ही ओढणीनं बांधलात!"

"हां! कुणाच्या ओढणीनं ते नका विचारू. ती आत चहा टाकतेय." गोविंदराव खो खो हसले आणि एकदम थबकले. "पण साहेब, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

डबा जरा खाकरला.

"आमच्याकडे सगळ्या नोंदी असतात, काका."

"ऐकलंस का कांचन? माझी नोंद आहे रेडिओत!"

"तर बडोदेकर," नाकातला आवाज आता जरा जड झाला, "ध्यानात ठेवा. चौदा ऑक्टोबर, एकोणीसशे त्र्याऐंशी. या दिवशी बडोद्याचा गरबा एका माणसानं थांबू दिला नाही. गोविंदराव मोहिते!"

गोविंदरावांचे डोळे भरून आले. फोन पांघरुणात पडला.

"आशय! अरे ए गाढवा, बाहेर ये! तुझ्या बापाचं नाव अख्ख्या बडोद्यानं ऐकलं!"

मग डब्यात एक दार करकरलं, आणि कांचनताईंचा दबका आवाज आला, "आशय, तो माइक ठेव आता खाली. बाबा हाका मारताहेत."