रुमालाने पुसलेली टोपी

कीबोर्डवाल्याने धाकटीची चकचकीत टोपी बोटाने दाबून पाहिली, खिशातून रुमाल काढून पुसली आणि उजेडात धरली. मग परत दाबली, परत पुसली. थोरली समोर उभी राहून हे लाड बघत होती आणि तिच्या पोटात दुखायला लागलं होतं. तिने केलेली टोपी त्याने एकदाच चाचपली आणि खाली ठेवली. तिच्यासाठी रुमाल काही निघाला नाही.

सासऱ्यांच्या या कारखान्यात आजवर चिनीमातीचे कप आणि बरण्या होत असत. हा माणूस मेकॅनिकल कीबोर्ड जुळवून विकणारा. त्याला प्लॅस्टिकच्या जागी प्रत्येक बटणावर बसवायला चिनीमातीची टोपी हवी होती. दोघी जावांनी आपापल्या परीने नमुने केले. थोरलीची टोपी मॅट, अंगाने कोरडी, किंचित खरखरीत. बोट घसरत नाही, आवाज दबका. धाकटीची ग्लॉसी, गुळगुळीत आणि गार. दाबली की ठक्क वाजायची.

जाताना तो म्हणाला, दोन्ही प्रकारांचा एकेक पूर्ण संच तयार ठेवा. पुढच्या खेपेला कीबोर्ड घेऊन येतो, बसवून बघतो आणि एकच प्रकार नेतो.

एकच. म्हणजे जिची निवड होईल तिच्याच टोप्या इथे वर्षानुवर्षं होणार, आणि दुसरीने तिच्या हाताखाली साचे भरायचे. थोरलीने या घरात हात भाजून घेत भट्टी शिकून घेतली होती. धाकटी काल आलेली. तिला माती मळतानाही गाणं सुचायचं आणि ते सगळ्यांना गोड वाटायचं. सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं तर विचारूच नका. येणाऱ्याजाणाऱ्याला धाकटीचेच कप दाखवायचे. दाखवताना थोरलीलाच हाक मारायचे, "जरा तो वरचा कप काढून दे गं."

संच भाजायचा दिवस आला. भट्टी एकच, त्यामुळे दोघींचे ट्रे एकाच वेळी आत गेले. दुपारी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. धाकटी ओढणी सावरत दारात थांबली.

"ताई, पूर्ण तापली की लगेच बंद कराल ना? माझी झिलई हळूहळू निवली की मरते."

"मला भट्टी शिकवतेस?"

"तसं नाही हो," धाकटी ओशाळली. "तुमच्यावर सोपवलंय म्हणूनच निश्चिंत चाललेय."

हे शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर बरं झालं असतं. थोरली भट्टीसमोर स्टुलावर बसली, आणि ते वाक्य गोम शिरावी तसं तिच्या कानात वळवळत राहिलं.

तिची स्वतःची मॅट झिलई कशीही निवली तरी मॅटच राहायची. चटकन निवण्याची गरज होती ती फक्त चकाकीला. भट्टी पूर्ण तापली. थोरलीने बटणाला हात घातला, तिथेच ठेवला, आणि भट्टी बंद करण्याऐवजी आच थोडी खाली आणली. मग अजून थोडी. दुपारभर ती आजाऱ्याला पेज भरवावी तशी भट्टीला थोडी थोडी आच देत राहिली. दोघं परतली तेव्हा भट्टी बंद होती आणि थोरली साचे धूत होती. धाकटीने तिला चहा करून दिला. तो तिने साच्यांशेजारीच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. थोरलीचा ट्रे नेहमीसारखा. धाकटीच्या ट्रेमधली चकाकी साफ गेलेली, टोप्यांवर दुधाच्या सायीसारखा मंदपणा आलेला. धाकटीने एकेक टोपी उचलून उजेडात धरली. थोरलीला वाटलं, आता ही आपल्याकडे बघणार. तिने उत्तरही तयार ठेवलं होतं.

"झिलई कालवताना माझंच काहीतरी चुकलं असेल," धाकटी म्हणाली, आणि डोळे पुसायला मोरीकडे गेली.

थोरलीला लाज वाटली. खरंच वाटली. पण लाजेच्या खालून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, त्याला ती तरी काय करणार?

कीबोर्डवाला आला तेव्हा धाकटी आपला ट्रे आत नेऊन ठेवत होती. बाबांनी तिला अडवलं. बिघडलं तरी आपल्या हातचं आहे, ठेव टेबलावर, म्हणाले.

त्याने आधी थोरलीच्या टोप्या बसवल्या आणि भराभर टाइप करून पाहिलं. मान डोलावली. मग धाकटीचा ट्रे ओढला आणि थबकला.

"ग्लॉसी कुठे आहे?"

"बिघडली," धाकटी खालमानेने म्हणाली. "भट्टीत चकाकी गेली."

"असू द्या. ग्लॉसी मी नेणारच नव्हतो," तो म्हणाला. "बोट लावलं की डाग. मागच्या खेपेला पुसून पुसून कंटाळलो. तेव्हाच ठरवलं, मॅटच न्यायची."

थोरलीचा श्वास मोकळा झाला. म्हणजे भट्टीसमोरची ती सगळी दुपार फुकट गेली होती, आपण काही केलं नसतं तरी चाललं असतं. तिने पदराने कपाळ टिपलं. धाकटीला आता रोज आपणच पहिला चहा करून द्यायचा, असंही तिने मनाशी ठरवून टाकलं.

कीबोर्डवाल्याने धाकटीच्या दोन-चार टोप्या बसवल्या. बोट फिरवलं, नख ओढून पाहिलं, डोळे मिटून एक ओळ टाइप केली. डाग कुठेच पडला नव्हता. रुमालासाठी खिशाकडे गेलेला हात त्याने तसाच मागे आणला, धाकटीचा ट्रे आपल्याकडे घेतला आणि थोरलीचा हलकेच बाजूला सरकवला.