भांड्यांवरची नावं

भांड्यांवर नावं टाकणाऱ्या रतिलालला कमलबाईनं घरात घेतलं आणि आधी दार लोटलं. कुणी पाहिलं तर काय म्हणेल!

भाद्रपदात पांझरेचा पूर गावात शिरला आणि पोरीच्या, इंदूच्या लग्नासाठी एकेक करून जमवलेली भांडी घेऊन गेला. लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. गाव मोठ्या मनाचं. कुणी हंडा आणून दिला, कुणी परात, कुणी समई, आणि दिलं ते बोलूनही दाखवलं नाही. पण एकूण एक भांड्यावर देणारीचं नाव कोरलेलं! मांडवात सासरच्या बाया भांडं उलटंपालटं करून नाव वाचणार, त्याशिवाय त्यांना जेवण गोड लागायचं नाही. मग इंदू जन्मभर मागून आणलेल्या भांड्यांची सून. कमलबाईच्या जिवाला तेवढाच घोर होता.

"बठ्ठा नावं पुसी टाक, भाऊ," ती हळूच म्हणाली.

रतिलालनं हातातली छिन्नी खाली ठेवली. "कोरेल नाव पुसता येत नही, अक्का. पुढे आखो काही कोरता येस."

तेवढ्यात दार ढकलून शेजारची पुष्पाबाई आत आली. काखेत पितळी डबा. तिनं सगळं ऐकलं होतं. कमलबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुष्पाबाईचं तोंड उतरलं. तिच्या स्वतःच्या लग्नातला डबा होता तो. झाकणावरच्या नावावरून तिनं बोट फिरवलं. मग खाली बसली आणि डबा रतिलालपुढं ठेवला.

"मन्हा नावना पुढे 'मावशी' कोर. मावशीना आहेर कोन लपाडस?"

टकटक सुरू झाली. पुष्पाबाई मावशी. परातीवर बेबाबाई मावशी. हंड्यावर मंजुळाबाई मावशी. कमलबाई एका हातानं भांडं पुढं सरकवत होती, दुसऱ्या हातानं पदर डोळ्यांना लावत होती. दार मघाच सताड उघडलं होतं, ते लोटायचं तिला सुचलंही नाही.

दुपार कलली तरी भांडी संपेनात. रतिलालनं आखडलेली बोटं झटकली.

"अक्का, तुम्हले बहिनी तरी कितल्या शेतस?"

कमलबाईनं पुढचा तांब्या त्याच्याकडं सरकवला.

"पूर येवाना आगोदर एकबी नव्हती."