नावाआधी

"अरे, नावाआधी 'कै.' कुठंय?" सरपंच पेंटरवर उखडले.

शाळेच्या भिंतीवर नुसतंच होतं, 'रेवती वाघचौरे शिक्षण निधी'. गेल्या पावसाळ्यात सातवीतली रेवती ओढ्यात वाहून गेली, तेव्हा गावानं वर्गणी काढून हा निधी उभारला. पलीकडच्या वाडीतल्या मुलींना शाळेत आणायला त्यातूनच आज गाडी सुरू झाली होती.

"मीच नको म्हटलं," रेवतीची आई पुढं आली. "राहू द्या की तिला तशीच."

गाडीतून उतरलेली एक चिमुरडी अक्षरं लावत नाव वाचू लागली. "मावशी, ही ताई कितवीत हाय?"

"सातवीत," आई झटकन बोलून गेली.

तेवढ्यात रेवतीच्या मैत्रिणी हसत-खिदळत शेजारून गेल्या आणि आठवीच्या वर्गात शिरल्या.

आई त्या दाराकडं बघत राहिली. मग मान न वळवताच पेंटरला म्हणाली, "लिही बाबा, काय लिहायचं ते."